वाहनचालकाचा फोन आणि नागरिकाचे स्वातंत्र्य



बेंगळुरूच्या पूर्वेस के. आर. पुरम, म्हणजे कृष्णराजपुरम, नावाचे उपनगर आहे. मराठी शाळांतून शिकून संगणकाच्या व्यवसायात शिरलेल्या बेळगाव, कोल्हापूर, सोलापूरकडच्या अनेकांना ते चांगले ठाऊक आहे. कित्येकांच्या दिवसाचे दोन तास तेथेच खर्ची पडतात. जुना मद्रास रस्ता आणि शहराचा बाह्य रिंग रोड तेथे एकमेकांना भेटतात, रेल्वेमार्ग मधून जातो आणि त्यावरून २००३ साली खुला झालेला, तारांनी तोललेला पूल जातो. लोक त्याला झुलता पूल म्हणतात. तो झुलत नाही. आणि संध्याकाळी त्यावरची वाहनेही फारशी हलत नाहीत. २०२३च्या मार्चमध्ये व्हाइटफील्डकडून मेट्रो येथवर आली, ऑक्टोबरात ती पुढच्या मार्गाला जोडली गेली, तरी पुलाखालची गर्दी ओसरली असे कोणी म्हणणार नाही.

या गर्दीत संध्याकाळी सातच्या सुमारास एक दृश्य हमखास दिसते. वाहन चार हात पुढे सरकते, थांबते, आणि थांबताच चालकाचा हात फोनकडे जातो. मोटारीतला मनुष्य मांडीवर फोन ठेवून मान खाली घालतो. दुचाकीवरचा तरुण फोन हेल्मेटच्या आत गालाशी खुपसून बोलत राहतो. मालाच्या पेट्या पाठीवर घेतलेले मुलगे हँडलला बांधलेल्या पडद्यावर बोट फिरवतात. पुढचे वाहन सुटते, मागचा भोंगा वाजवतो, आणि मजकूर अर्धवट टाइप झालेला असतानाच गाडी चालू होते. नेमक्या या क्षणी कायद्याने हात घालावा काय, आणि घालावा तर कोठवर, हा या व्याख्यानाचा विषय आहे. प्रश्न वाहतुकीचा दिसतो. परंतु त्याच्या पोटात राज्यसंस्था आणि व्यक्ती यांच्यामधील सीमारेषेचा जुना वाद दडलेला आहे.

प्रथम आक्षेपकाचे म्हणणे नीट मांडले पाहिजे, कारण ते हास्यास्पद नाही. तो म्हणतो, गाडी माझी, फोन माझा, वय सज्ञान. बायकोला ‘उशीर होईल’ एवढे दोन शब्द लिहिले तर कोणाचे काय बिघडले? बिघडले असेल, कोणाला धक्का लागला असेल, तर अवश्य शिक्षा करा. त्यासाठी निष्काळजीपणाचे कायदे आहेतच. पण काहीही घडले नसताना, केवळ काही घडू शकले असते म्हणून, दंड कसला? उद्या हेच तत्त्व धरून चालकाने रेडिओ लावू नये, मागच्या मुलाशी बोलू नये, भूक लागली तर केळे खाऊ नये असेही फर्मान निघेल. संभाव्यतेला गुन्हा ठरवण्याची एकदा सवय लागली की राज्यसंस्थेची भूक आटोक्यात राहत नाही.

या युक्तिवादाची गल्लत बहुधा हेल्मेटच्या वादाशी होते. तो वाद महाराष्ट्राला नवा नाही. २०१९च्या जानेवारीत पुण्यात सक्तीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले तेव्हा काहींनी हेल्मेटऐवजी पुणेरी पगडी घातली होती. पगडीतला विनोद बाजूला ठेवला तरी त्यामागचा प्रश्न खरा होता: स्वतःचे डोके फुटण्याचा धोका पत्करण्याचा अधिकार व्यक्तीला आहे की नाही? सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये, आंध्र प्रदेशातील हेल्मेटच्या नियमासंबंधीच्या खटल्यात, अशी सक्ती संचारस्वातंत्र्याचा भंग करीत नाही असा निर्णय दिला. तरीही त्या प्रश्नावर विचारी माणसांत मतभेद राहू शकतो, कारण हेल्मेट न घालणाऱ्याचे नुकसान मुख्यतः त्याचेच होते. चालत्या वाहनावर संदेश लिहिणाऱ्याची गोष्ट निराळी आहे. त्याच्या पुढे पादचारी आहेत, शेजारी दुचाकी आहे, पुलाखाली बस पकडायला धावणारी बाई आहे. यांपैकी कोणीही तो धोका पत्करलेला नाही. हेल्मेटविरोधी मोर्चात उत्साहाने चालणाऱ्यालाही फोनच्या कायद्याचे समर्थन करता येते, आणि त्यात विसंगती नाही.

मराठी वाचकाला या विचाराचा उगम परका नाही. गोपाळ गणेश आगरकरांवर जॉन स्टुअर्ट मिलच्या ग्रंथांचा गाढ प्रभाव होता, आणि १८८८ साली ‘सुधारक’ काढून त्यांनी व्यक्तिस्वातंत्र्याचा जो पक्ष मांडला त्यामागे तो स्पष्ट दिसतो. मिलचा स्वातंत्र्यावरील प्रबंध १८५९ सालचा. दुसऱ्याला इजा होत असेल तेवढ्यापुरताच समाजाला व्यक्तीवर बळ वापरता येते, हे त्याचे सूत्र सर्वश्रुत आहे. पण त्यातील दोन उदाहरणे फारशी सांगितली जात नाहीत आणि तीच येथे उपयोगाची आहेत. पहिले असे की नुसते मद्य प्यालेल्या माणसाला शिक्षा करू नये. मात्र शिपाई किंवा पोलीस कामावर असताना प्याला असेल तर अवश्य करावी. कृती तीच, ज्या जागी ती केली त्या जागेने तिचे स्वरूप बदलले. घरच्या खाटेवर पडून फोनवर कितीही लिहावे. सुकाणू हाती घेणारा मनुष्य मात्र त्या वेळी कामावर असतो.

दुसरे उदाहरण योगायोगाने पुलाचेच आहे. एखादा पूल धोक्याचा आहे आणि कोणी त्यावरून जाऊ लागला आहे. सांगण्याइतका अवधी असेल, आणि संकट निश्चित नसून केवळ संभाव्य असेल, तर त्याला सावध करावे. बळाने अडवू नये, असे मिल म्हणतो. आणि येथे तो एक अपवाद घालतो: तो मनुष्य बालक असेल, भ्रमिष्ट असेल, किंवा ज्यात सारासार विचार पुरता चालत नाही अशा क्षोभाच्या वा तल्लीनतेच्या अवस्थेत असेल, तर गोष्ट वेगळी. मिलने हे लिहिले तेव्हा मोटारही नव्हती. तरी पडद्यावर डोळे खिळवलेल्या चालकाचे याहून अचूक वर्णन आजच्या कायद्याच्या पुस्तकातही सापडत नाही. स्वातंत्र्याचा कडवा पुरस्कर्ता ज्याला अपवाद म्हणून बाजूला काढतो, तोच मनुष्य स्वातंत्र्याच्या नावाने दाद मागतो आहे.

ही तल्लीनता मोजली गेली आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या वाहतूक संस्थेने मालमोटारींच्या केबिनमध्ये कॅमेरे बसवून अभ्यास केला व त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध केले. संदेश लिहिणाऱ्या चालकाची नजर, धोक्याच्या घटनेभोवतीच्या सहा सेकंदांपैकी सुमारे ४.६ सेकंद रस्त्यावर नव्हती. आणि अपघाताचा किंवा अपघात थोडक्यात टळण्याचा संभव तेवीस पट वाढला होता. साधा हिशेब करावा. ताशी ४० किलोमीटर वेगाने ४.६ सेकंदांत वाहन सुमारे ५१ मीटर जाते, म्हणजे क्रिकेटच्या अडीच खेळपट्ट्या, डोळे मिटून. कोणी म्हणेल, के. आर. पुरमला एवढा वेग कोणाला मिळतो? मग ताशी १० किलोमीटर धरावे. तरी अंतर जवळजवळ १३ मीटर भरते. एक अख्खी शहरबस त्यात मावते. गर्दी हा बचाव होत नाही. उलट गर्दीतच त्या १३ मीटरांत कोणीतरी उभे असते.

येथे एक अडचण आहे आणि ती लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. युटा विद्यापीठातील डेव्हिड स्ट्रेयर व विल्यम जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की फोनवर बोलणाऱ्यांच्या हातून चुकणारे सिग्नल दुपटीने वाढतात, आणि फोन हातात आहे की हात मोकळे ठेवणाऱ्या यंत्रणेवर आहे याने फारसा फरक पडत नाही. व्यत्यय हातात नसून मनात असतो. कायदा मात्र हातातल्या फोनवर बोट ठेवतो. याचे कारण उघड आहे: पोलिसाला हात दिसतो, मन दिसत नाही. ही कायद्याची लबाडी नव्हे, मर्यादा आहे. आणि मनापर्यंत पोहोचण्याचा हट्ट धरणारा कायदा याहून भयंकर ठरेल. पण कानात यंत्र घालून वरिष्ठांशी तावातावाने वाद घालत गाडी हाकणाऱ्याने आपण कायद्याच्या आत आहोत म्हणून सुरक्षितही आहोत अशी समजूत करून घेऊ नये.

आता प्रत्यक्ष कायदा. भारतात मोबाईलवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले; मोटार वाहन अधिनियम १९८८चा. साहजिकच मूळ कायदा करणाऱ्यांसमोर हा प्रसंगच नव्हता. पुढे फोन घरोघरी आले, पोलीस पकडू लागले, आणि कोणत्या कलमाखाली पकडायचे हा प्रश्न केरळात न्यायालयापुढे गेला. कोचीच्या एका वाहनचालकावर केरळ पोलीस अधिनियमाच्या कलम ११८(ई) खाली कारवाई झाली होती. जाणूनबुजून जनतेला धोका होईल असे कृत्य करणे, असा त्या कलमाचा आशय. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१८च्या मे महिन्यात निर्णय दिला: वाहन चालवताना फोनवर बोलणे एवढ्याच कारणाने हे कलम लागू होत नाही, प्रत्यक्ष धोका झाल्याचे दिसले पाहिजे, आणि ते बोलणेच गुन्हा ठरवायचे असेल तर विधिमंडळाने तसा कायदा करावा.

या निकालाने त्या वेळी पुष्कळांना संताप आला. तो अनाठायी होता. न्यायालयाने फोनवर बोलण्याला आशीर्वाद दिला नव्हता. पोलिसाच्या हातातील ढगळ कलम वाटेल तसे ताणता येणार नाही, एवढेच सांगितले होते. आज ते फोनवाल्यावर ताणले गेले, तर उद्या रस्त्याच्या कडेला घोषणा देणाऱ्यावर ताणले जाईल. इंग्लंडातही २०१९ मध्ये असेच झाले. अपघाताचे चित्रण फोनवर करीत गाडी चालवणारा मनुष्य सुटला, कारण तिथला तत्कालीन नियम संवादासाठी केलेल्या वापरापुरता होता. तेथे न्यायालयाने शब्द ताणले नाहीत. सरकारने २०२२च्या मार्चपासून नियमच बदलला आणि सिग्नलला उभे असतानाचा वापरही त्यात स्पष्टपणे आणला. ज्याला शिक्षा करायची त्याला ती कशाबद्दल हे आधी ठाऊक असले पाहिजे. व्यक्तिस्वातंत्र्याचा गाभा याच साध्या गोष्टीत आहे, संदेश लिहिण्याच्या हक्कात नाही.

भारतानेही अखेर तेच केले. २०१९ची दुरुस्ती त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून लागू झाली आणि धोकादायक वाहनचालनाच्या कलम १८४ मध्ये हाती धरलेल्या संपर्कसाधनाचा वापर नावानिशी घालण्यात आला. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने ते एक वर्ष कारावास, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. २०२०च्या १ ऑक्टोबरपासून केवळ मार्ग पाहण्यासाठी, तोही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, फोन वापरण्यास मुभा मिळाली. हेल्मेटमध्ये खुपसलेला फोन ‘हाती धरलेला’ म्हणावा काय, यावर वकिलांना अजून पुष्कळ बोलता येईल.

दंडाची रक्कम ऐकून राज्ये मात्र कचरली. कर्नाटकाने महिन्याच्या आतच अनेक दंड कमी केले. महाराष्ट्राने नवे दर २०२१च्या डिसेंबरपर्यंत लांबवले. पुढे २०२३च्या फेब्रुवारीत कर्नाटकात थकलेल्या दंडांवर निम्मी सूट जाहीर झाली आणि ते भरायला लोकांची झुंबड उडाली. वाहतुकीचा दंड हा दिवाळीतला सेल नव्हे. पण त्या आठवड्यात तसा भास झाला खरा. कडक कायदा लिहून सैल हाताने राबवणे हे स्वातंत्र्याचेही रक्षण नव्हे आणि सुरक्षिततेचेही.

खरी चिंता वेगळ्या ठिकाणी आहे. फोनवर लिहिणे हा गुन्हा मानला की तो सिद्ध करायचा कसा, हा प्रश्न येतो. आणि सर्वांत सोपे उत्तर म्हणजे, ‘फोन दाखव’. न्यूयॉर्क राज्यात २०१६च्या सुमारास असा प्रस्ताव पुढे आला होता की अपघातानंतर पोलिसांनी एका यंत्राला फोन जोडून तो नुकताच वापरला गेला काय ते जागेवरच तपासावे. भारतात यंत्राचीही गरज भासत नाही. २०२१च्या ऑक्टोबरात हैदराबादेत पोलीस रस्त्यावर दुचाकीस्वारांना थांबवून त्यांच्या फोनमधील संवाद पाहत असल्याच्या चित्रफिती देशभर फिरल्या. निमित्त अमली पदार्थांच्या शोधाचे होते. फोन आता नुसते संभाषणाचे साधन उरलेला नाही. त्यात बँक आहे, औषधांच्या चिठ्ठ्या आहेत, लेकीची पत्रे आहेत. खिशातून रुमाल काढून दाखवणे आणि फोन उघडून दाखवणे यांत घराचे फाटक आणि घराचे देवघर एवढे अंतर आहे.

या बाबतीत बेंगळुरूचे एक ऋण देशावर आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात, आधार योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्यातून २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने खासगीपणाचा अधिकार मूलभूत असल्याचा निर्णय दिला. त्या अधिकारात शिरायचे तर आधी कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. ही मोजपट्टी चालकाच्या फोनला लावून पाहावी. वाहन चालवताना फोन हाती धरण्यास बंदी: कायदा आहे, हेतू रास्त आहे, आणि चालकाचे नुकसान म्हणावे तर गाडी बाजूला घेण्याएवढे. बंदी या कसोटीवर टिकते. तीच बंदी सिद्ध करण्यासाठी चौकात उभ्या शिपायाने संदेश वाचणे: कलम १८४ मध्ये त्याला तसा अधिकार कोठेही दिलेला नाही, आणि प्रमाणाचा तर प्रश्नच उरत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, मुदत संपलेल्या नोंदणीवरून थांबवलेल्या एका मोटारचालकाच्या खटल्यात, अटक झालेल्याचा फोनसुद्धा न्यायालयाच्या वॉरंटाशिवाय सर्वसाधारणपणे तपासता येणार नाही असे एकमताने ठरवले. भारतातील सामान्य दुचाकीस्वाराला हे माहीत नसते. आणि खाकी वर्दीसमोर माहीत असूनही तो नाही म्हणेल असे नाही. प्राणघातक अपघात झाला असेल तर तपास अधिकाऱ्याने रीतसर मार्गाने कंपनीकडून नोंदी मागवाव्यात. वेळ लागेल, लागू द्यावा.

कॅमेऱ्याचे तसेच. बेंगळुरूत २०२२च्या डिसेंबरात ५० चौकांवर स्वयंचलित यंत्रणा बसली. ती वाहनाचा क्रमांक वाचते, हातातला फोन टिपते आणि चलान घरी पाठवते. एका अर्थी ही प्रगती आहे: कॅमेरा लाच घेत नाही, ओळखीच्याला सोडत नाही, आणि कोणाचा फोन उघडत नाही. परंतु गुन्हा न करणाऱ्याचीही ये-जा त्याच्या नजरेखालून होते. ती नोंद किती दिवस ठेवली जाते आणि कोण पाहते, हे चलानाच्या कागदावर छापलेले नसते. ते विचारणे हा नागरिकाचा अधिकार आहे, आणि ज्याला आपल्या स्वातंत्र्याची खरोखर काळजी आहे त्याने संदेश लिहिण्याच्या हक्कासाठी भांडण्यापेक्षा हे विचारण्यात शक्ती घालवावी.

पुलाखालच्या त्या मुलग्यांची गोष्ट अजून राहिली. घरपोच माल देणारा तरुण हौसेने फोन पाहत नाही. त्याचे काम, मार्ग, मजुरी आणि ग्राहकाची तक्रार सारे त्या पडद्यावरूनच येते. नवे काम समोर आले की ते थोड्या अवधीत स्वीकारावे लागते. हुकले तर कमाई हुकते. कायदा त्याचा हात पकडतो. ज्या व्यवस्थेने तो हात पडद्यावर ठेवायला लावला, तिला कलम १८४ शिवतही नाही. कर्नाटकाने २०२५ मध्ये अशा कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी स्वतंत्र कायदा केला, ही चांगली सुरुवात. पण चाके फिरत असताना पडद्यावर नवे काम येऊच नये अशी सोय करणे तंत्रज्ञांना अवघड नाही. फोनला स्वतःचा वेग कळतो. ही सोय लिहू शकणारे अभियंते के. आर. पुरमच्या त्याच गर्दीतून रोज घरी जातात, आणि त्यांतले काही मराठी शाळांतून गेलेले आहेत.

संदेश पाठवणाऱ्याची जबाबदारी किती, यावर अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या अपील न्यायालयाने २०१३ मध्ये विचार केला. संदेश वाचत गाडी चालवणाऱ्या तरुणाच्या धडकेत एका दांपत्याने पाय गमावले होते. त्यांनी संदेश पाठवणाऱ्या मुलीवरही दावा लावला. समोरचा वाहन चालवीत आहे आणि तो चालवतानाच संदेश पाहील, हे पाठवणाऱ्याला ठाऊक असेल तर त्याच्यावरही जबाबदारी येऊ शकते, असे न्यायालय म्हणाले. मात्र त्या मुलीला हे ठाऊक होते असा पुरावा नसल्याने ती सुटली. भारतात असा नियम नाही, आणि तो असावा असे म्हणणे घाईचे होईल. पण या सभेत बसलेल्या पालकांना त्या खटल्यातील प्रश्न ओळखीचा वाटेल. मुलगा साडेसहाला कचेरीतून निघतो हे बेळगावच्या घरात आईला पाठ असते. पावणेसातला ती विचारते, ‘निघालास का रे?’ सव्वासातला, ‘कुठवर आलास?’ उत्तर आले नाही की काळजी वाढते, आणि साडेसातला फोनच वाजतो. तो वाजतो तेव्हा मुलगा पुलाखाली, दोन बसच्या मध्ये, एका पायावर गाडी तोलून उभा असतो. काही घरांत आता यावर एक साधा करार झाला आहे: निघताना एक संदेश, पोहोचल्यावर एक, आणि मधल्या दीड तासात घरून एकही नाही.